शिकवलेलं डोक्यात राहत नाही अशा मुलांसाठी वर्गात नेमकं काय करायचं: पायरी पायरीने

“आत्ता तर सांगितलं होतं, लगेच कसं विसरलास?” हे वाक्य बहुतेक सगळ्या वर्गांत रोज कुणाला ना कुणाला ऐकावं लागतं, आणि ज्याला ऐकावं लागतं ते मूल बहुतेक वेळा तेच तेच असतं. त्याच्या वहीत अर्धी वाक्यं, गणितात मधली पायरी गायब, पाढा काल आला होता तो आज येत नाही, आणि मग सगळ्यांचं एकमत होतं की याची मेमरी वीक आहे. मला हे लेबलच मान्य नाही, कारण त्यातून करायचं काय ते काहीच कळत नाही. अशा मुलांबरोबर काम करताना सगळ्यात जास्त फरक पडतो तो दोन गोष्टींनी: डोक्यावरचा भार कागदावर उतरवायचा, आणि जे पक्कं करायचंय ते थोडं थोडं करून पुन्हा पुन्हा *आठवायला* लावायचं. पुन्हा पुन्हा सांगायचं नाही, आठवायला लावायचं. खाली सगळं त्याचंच आहे, क्रमाने.

पायरी १: आधी बघा, अडतंय कुठे

“आठवत नाही” या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि तिन्हीचे उपाय वेगळे आहेत.

पहिली म्हणजे गोष्ट आत गेलीच नाही. तुम्ही चार सूचना दिल्या, मुलाने पहिली ऐकली, ती करेपर्यंत बाकीच्या तीन हवेत गेल्या. दुसरी म्हणजे आत गेली पण टिकली नाही, म्हणजे तासाला येत होतं आणि दोन दिवसांनी कोरं. तिसरी म्हणजे आहे आत, पण हवी तेव्हा बाहेर येत नाही, जिभेवर आहे पण सापडत नाही.

हे ओळखायला टेस्ट वगैरे लागत नाही. सूचना दिल्यावर लगेच, अगदी दहा सेकंदात, त्या मुलाजवळ जाऊन हळू आवाजात विचारा, “काय काय करायचंय सांग बरं.” तेव्हाच सांगता आलं नाही तर पहिला प्रकार. तेव्हा नीट सांगितलं पण दुसऱ्या दिवशी काहीच नाही, पहिलं अक्षर सांगून नाही की तीन पर्याय देऊन नाही, तर दुसरा. आणि पहिलं अक्षर सांगितलं की झटकन उत्तर येतं, तर तिसरा. आठवडाभर एका कागदावर हे टिपून ठेवा: तारीख, काय विचारलं, कधी विचारलं, हिंट लागली का. आठवड्याने तो कागद बघितला की मूल “सगळंच विसरतं” असं कधीच निघत नाही, काहीतरी पॅटर्न दिसतोच. बऱ्याच मुलांत तिन्ही प्रकारांचं मिश्रण असतं पण एक प्रकार ठळक असतो, सुरुवात तिथून करायची.

याच आठवड्यात नजर, कान आणि झोप या तीन गोष्टीही बघून घ्या. फळ्यावरचं दिसत नसेल, मागच्या बाकावर ऐकू येत नसेल किंवा मूल रात्री नीट झोपतच नसेल तर पुढचे सगळे उपाय फुकट जातात. झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी पक्क्या करत असतो, त्यामुळे कमी झोपलेल्या मुलाचं दुहेरी नुकसान होतं: दिवसा लक्ष लागत नाही आणि जे थोडंफार शिकलं तेही टिकत नाही.

वर्किंग मेमरी म्हणजे काय ते थोडक्यात

आत्ता या क्षणी डोक्यात धरून ठेवलेली आणि त्याच वेळी वापरत असलेली माहिती, ती म्हणजे वर्किंग मेमरी. ही एखाद्या छोट्या टेबलासारखी असते, नवीन वस्तू ठेवली की कडेची खाली पडते. १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने एका वेळी साधारण सात गोष्टी धरता येतात असं मांडलं होतं, पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवलं की उजळणीची किंवा गट करण्याची संधी मिळाली नाही तर हा आकडा चारच्या आसपास येतो. आणि हे मोठ्या माणसांचं झालं, लहान मुलांचं त्याहून कमी.

सगळ्यात डोळे उघडणारी गोष्ट मला वाटते ती सुझन गॅदरकोल आणि ट्रेसी अ‍ॅलोवे या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेली. सात-आठ वर्षांच्या तीस मुलांचा साधा वर्ग घेतला, तर त्यात निदान तीन मुलांची वर्किंग मेमरी सरासरी चार वर्षांच्या मुलाइतकी असते, आणि दुसऱ्या तिघांची अकरा वर्षांच्या मुलाइतकी. आपण मात्र सूचना सगळ्यांना एकच देतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायचं असेल तर फळ्यावरून उतरवून घेणाऱ्या मुलाकडे पाच मिनिटं नीट बघा. फळ्यावर वाक्य आहे, “पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याला परिवलन म्हणतात.” शेजारचं मूल एकदा वर बघतं, “पृथ्वी स्वतःभोवती” एवढं धरतं आणि लिहितं. आपलं मूल वर बघतं, “पृ” धरतं, खाली येतं, लिहितं, पुन्हा वर बघतं, आता फळ्यावर कुठे होतो ते शोधतं, “थ्वी” सापडतं, खाली येतं, वहीत कुठे होतो ते शोधतं. एका वाक्यासाठी मान पंधरा-वीस वेळा वर खाली होते, आणि शेवटी लिहून झालेल्या वाक्याचा अर्थ विचारला तर तो माहीतच नसतो, कारण सगळी ताकद अक्षरं वाहून नेण्यात गेली. मधेच ते थांबतं, पेन्सिलीशी खेळायला लागतं, आणि आपल्याला वाटतं लक्ष नाही. लक्ष होतं हो, जागा संपली.

पायरी २: भार कमी करा (हे उद्यापासून करता येतं)

सूचना तोडा. “वही काढा, मागच्या धड्याचं पान उघडा, तारीख घाला, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहा” ही चार कामं आहेत. एक सांगा, होऊ द्या, मग पुढचं सांगा. आणि सांगताना ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने सांगा. “तिसरा प्रश्न लिहा, पण त्याआधी तारीख घाला” असं उलटं सांगितलं की मुलाला ते डोक्यात धरून परत सुलटं करावं लागतं, तिथेच निम्मी मुलं गळतात.

सांगून झालं की फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात तीच कामं दोन-दोन शब्दांत लिहून ठेवा, वाचता न येणाऱ्या मुलांसाठी छोटी चित्रं काढा. कोपरा रोज तोच हवा, म्हणजे विसरलं की कुठे बघायचं हे तरी विसरायला होत नाही. मग त्या एका मुलाकडून सूचना परत वदवून घ्या, पण सगळ्यांसमोर उभं करून नाही, जवळून जाता जाता.

फळ्यावरून उतरवणं शक्य तिथे बंदच करा, निदान या मुलांसाठी. तोच मजकूर छोट्या चिठ्ठीवर लिहून बाकावर ठेवला तरी मान वर खाली करणं आणि जागा शोधणं हे दोन्ही वाचतं. किंवा मजकूर छापलेला द्या आणि महत्त्वाचे तीन-चार शब्द गाळा, ते त्याने भरायचे. यावर काही जण म्हणतात की मग लिहायची सवय कशी लागणार. लेखनाचा सराव वेगळ्या वेळी जरूर घ्या, पण विज्ञानाच्या तासाला आपल्याला विज्ञान शिकवायचंय ना? एका वेळी एकच अवघड गोष्ट असू द्या.

गणितात सोडवलेलं उदाहरण डोळ्यासमोर राहू द्या. आधी पूर्ण सोडवलेलं, मग शेवटची पायरी गाळलेलं, मग शेवटच्या दोन गाळलेल्या, असं करत करत पूर्ण उदाहरण मुलाकडे द्यायचं. शाब्दिक उदाहरणात वाक्य संपेपर्यंत पहिला आकडा हरवतो, म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबून आकडा लिहायला किंवा चित्र काढायला लावा.

आणि थांबा. मेरी बड रो यांनी वर्गांतली संभाषणं तपासून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत पण वर्गासमोर उभं राहून थांबून बघा, फार लांब वाटतात. मनातल्या मनात मोजा.

पायरी ३: बाकावरची मदत, म्हणजे कार्ड, पट्ट्या, तक्ते

भिंतीवर वीस तक्ते लावलेला वर्ग दिसायला छान दिसतो, पण धडपडणाऱ्या मुलाला त्यातला हवा तो तक्ता शोधणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं. मदत बाकावर हवी, हाताशी हवी, आणि एका वेळी एकच हवी.

भागाकाराचं घ्या. ८४ भागिले ६ करताना मूल पाढ्यात अडकतं असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा ते पुढे काय करायचं यात अडकलेलं असतं. तळहाताएवढ्या कार्डावर चार ओळी लिहा: भागा, गुणा, वजा करा, पुढचा अंक खाली घ्या. आता मूल कार्डावर डाव्या हाताचं बोट ठेवून काम करतं. भागा: ८ मध्ये ६ एकदा. बोट खाली. गुणा: ६ एके ६. बोट खाली. वजा: २ उरले. बोट खाली. ४ खाली घेतला, झाले २४. बोट परत वर, भागा: २४ मध्ये ६ चार वेळा. गुणा: २४. वजा: शून्य. खाली घ्यायला अंक नाही, संपलं, उत्तर १४. यात बोट फार महत्त्वाचं आहे, कारण “मी कुठे आहे” हे आता डोक्याने नाही तर बोटाने धरलेलं आहे, आणि डोकं पाढ्यासाठी मोकळं झालं. ज्याला पाढाही येत नाही त्याला सुरुवातीला पाढ्याची पट्टीही द्या, पण मग तिकडे लक्ष राहू द्या की आज आपण भागाकाराची रीत शिकतोय, पाढे नाही.

अशीच कार्डं कशाकशाची करता येतात: धड्यातल्या अवघड शब्दांची छोटी यादी, चुकणाऱ्या जोडाक्षरांची, निबंधासाठी “कोण, कुठे, केव्हा, काय झालं, मग काय” अशी, संख्यारेषेची पट्टी, घरी जाताना दप्तरात काय भरायचं त्याची. शुद्धलेखनाचं एक कार्ड मला फार कामाचं वाटतं: “मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ”, खाली उदाहरणं मोती, पाटी, वाळू, आणि लाल पेनाने अपवाद आणि, परंतु. एका नियमात कितीतरी शब्द सुटतात.

कार्ड करताना मुलाला बरोबर घ्या, त्याच्या अक्षरात, त्याच्या चित्रांसह. आणि कार्ड दिलं म्हणजे झालं असं नाही, ते वापरायचं कसं हे दोन-तीन दिवस शेजारी बसून शिकवावं लागतं, कारण ज्या मुलाला मदतीची सर्वात जास्त गरज असते त्याला मदत घ्यायची आठवणच होत नाही. “अडलं की आधी कार्ड, मग शेजारी, मग मी” असा क्रम ठरवून द्या.

वर्गात एकालाच कार्ड दिलं तर ते वेगळं पडतं आणि ते कार्ड दप्तरातून बाहेरच येत नाही. म्हणून कार्डं सगळ्यांना उपलब्ध ठेवा, ज्याला हवं त्याने घ्यावं. हुशार म्हणवली जाणारी मुलंही घेतात, बिनधास्त घेऊ द्या.

आता कार्ड काढायचं कसं. एकदम काढून घेऊ नका. आधी पूर्ण शब्दांचं, मग फक्त पहिल्या अक्षरांचं (भा, गु, व, खा), मग तेच कार्ड बाकावर पालथं, आधी आठवून बघायचं आणि नाहीच आलं तर उलटायचं, मग कार्ड दप्तरात. पालथं कार्ड ही यातली सोन्यासारखी पायरी आहे, का ते पायरी ५ मध्ये येतंय. काही मुलांना एखादं कार्ड वर्षभर लागेल. लागू दे.

पायरी ४: आत जाताना पक्कं जाऊ द्या

समजलेलं टिकतं, न समजता पाठ केलेलं लवकर उडतं, हे सगळ्यांना माहिती असतं पण शेवटी घोकंपट्टीच होते. परिवलन आणि परिभ्रमण हे दोन शब्द घ्या, परीक्षेत हमखास उलटे होतात. शब्द फोडून द्या: परिवलन मध्ये “वलन”, वळणं, म्हणजे जागच्या जागी स्वतःभोवती वळणं. परिभ्रमण मध्ये “भ्रमण”, म्हणजे लांब फिरायला निघणं, सूर्याभोवती. मग मुलांना उठवून करायला लावा, एक जण सूर्य, दुसरा त्याच्याभोवती चालतो आणि चालता चालता गिरकी घेतो, तोंडाने शब्द म्हणतो. मोठ्याने म्हटलेलं मनातल्या मनात वाचलेल्यापेक्षा जास्त लक्षात राहतं, आणि ज्याचं स्वतः चित्र काढलं ते लिहून काढलेल्यापेक्षा जास्त, या दोन्ही गोष्टी प्रयोगांत चांगल्या तपासल्या गेल्यात. चित्र सुंदर नसलं तरी चालतं, काड्यांची माणसं चालतात.

लक्षात ठेवायच्या क्लृप्त्या म्हणजे “तानापिहिनिपाजा” सारख्या, आपण सगळे त्यावरच इंद्रधनुष्याचे रंग शिकलो. क्रम लक्षात ठेवायला या उत्तम. महिन्यांचे दिवस मुठीच्या उंचवट्यांवर मोजणं, तेही तसंच: उंचवटा ३१, खळगा कमी दिवसांचा. नवाच्या पाढ्यासाठी दोन्ही हातांची बोटं पसरा, ९ चोक साठी डावीकडून चौथं बोट दुमडा, डावीकडे उरली ३, उजवीकडे ६, उत्तर ३६.

इंग्रजी शब्दांसाठी आवाजाची जोडी लावायची युक्ती फार चालते. पिलो म्हणजे उशी, आवाज “पिल्लू” सारखा, तर उशीवर गाढ झोपलेलं पिल्लू डोळ्यासमोर आणायचं. लेक म्हणजे तलाव, तर तलावात पोहणारी कुणाची तरी लेक. यात एक गोष्ट पाळायची की चित्रात दोन्ही गोष्टी एकमेकांत अडकलेल्या हव्यात, नुसतं इकडे उशी आणि तिकडे पिल्लू ठेवलं तर धागा लागत नाही. या पद्धतीला कीवर्ड पद्धत म्हणतात, अ‍ॅटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये परक्या भाषेतल्या शब्दांसाठी ती तपासली आणि नंतर मास्ट्रोपिएरी आणि स्क्रग्स यांनी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांवर भरपूर काम केलं, त्यांना त्याचा चांगला उपयोग झाला. पण सुरुवातीला चित्र तुम्हीच पुरवा, “तुला काय सुचतं?” म्हणून सोडून देऊ नका, धडपडणाऱ्या मुलाला ते सुचवण्याचंच ओझं होतं. आणि क्लृप्त्या मोजक्याच. आठवड्याला पाच नव्या दिल्या तर त्याच विसरायला होतात.

पाढ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण रडारड इथेच जास्त होते. १० पर्यंतचे पाढे म्हणजे १०० गुणाकार, बघूनच मूल हात टेकतं. त्याच्यासमोर बसून एक १० बाय १० चा तक्ता घ्या आणि खोडत जा. ३ × ७ आणि ७ × ३ एकच, म्हणून उरले ५५. आता १, २, ५ आणि १० चे जे येतातच ते खोडा, उरले २१. ९ चे बोटांवर येतात, तेही खोडा. उरले १५. शंभर नाही, पंधरा. हे पंधरा वेगळ्या कार्डांवर लिहा आणि त्यांच्यावरच काम करा. मुलाच्या चेहऱ्यावर तेव्हा जो फरक दिसतो ना, त्यासाठी तरी हे त्याच्यासमोर खोडून दाखवा, घरून तयार करून आणू नका.

पायरी ५: पुन्हा सांगू नका, आठवायला लावा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी पायरी हीच. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने विचारलं तर उलटं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे वाचून वाचून “येतंय” असं वाटतं, आणि टिकतं मात्र आठवण्याने. म्हणून पालथं कार्ड सोन्यासारखं.

फक्त एक मेख आहे. आठवायला लावलं आणि काहीच आठवलं नाही तर धडपडणाऱ्या मुलाचा काहीच फायदा होत नाही, उलट भीती बसते. त्यामुळे त्याच्यासाठी आठवणं सोपं करावं लागतं. धडा झाल्यावर दुसऱ्या दिवशी नाही, दोन मिनिटांनीच पहिल्यांदा विचारा. पहिल्या अक्षराची हिंट द्या, मग हिंट कमी करत जा. दहातले सात-आठ जमतील असंच विचारा. चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगा आणि दोन मिनिटांनी तेच परत विचारा, म्हणजे शेवट बरोबर उत्तरावर होतो. आणि मार्क अजिबात नकोत, वहीत नोंद नको. पाटीवर लिहून एकदम वर धरणं मला सगळ्यात आवडतं, सगळ्यांचं एकाच वेळी दिसतं आणि पुसलं की संपलं.

नवीन शब्द किंवा पाढ्याची कार्डं पक्की करायची एक खास रीत आहे, चार-पाच मिनिटांची, एका मुलाबरोबर. नऊ कार्डं येणारी, एक न येणारं. न येणारं दाखवा, उत्तर सांगा, त्याच्याकडून म्हणून घ्या. मग एक येणारं, परत नवीन. मग दोन येणारी, परत नवीन. मग तीन, परत नवीन. असं नऊपर्यंत. नवीन कार्ड दरवेळी जरा लांबून परत येतं आणि मधली सगळी येत असल्यामुळे मूल हरत नाही. नऊपर्यंत गेलं की ते कार्ड येणाऱ्यांत टाका, एक जुनं काढा, दुसरं नवीन घ्या. एका बैठकीला दोन-तीन नवीन पुरे. मोठी मुलं हे जोडीजोडीने करू शकतात, फक्त आधी दाखवावं लागतं.

शब्दांचं लेखन घेताना “बघ, म्हण, झाक, लिही, तपास” हा क्रम लावा. झाकणं महत्त्वाचं. एकच शब्द दहा वेळा ओळीने लिहायला लावला तर दुसऱ्या वेळेपासून मूल वरचा शब्द उतरवत असतं, आठवत काहीच नाही, हात तेवढा दुखतो.

पायरी ६: मधे दिवस जाऊ द्या

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगाने उडतं, पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच बरंच जातं, आणि मग उडण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी, दुसरी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. किती अंतर ठेवायचं याचा एक ढोबळ अंदाज २००८ च्या सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून घेता येतो, जेवढे दिवस लक्षात राहायला हवं त्याच्या साधारण १० ते २० टक्के. म्हणजे महिन्याने लागणार असेल तर तीन ते सहा दिवसांचं अंतर. धडपडणाऱ्या मुलांसाठी मी यातलं कमीच अंतर धरेन.

हे सगळं डोक्यात ठेवणं शिक्षकालाही शक्य नाही, म्हणून डबे करा. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केलेली पद्धत आहे ही. तीन खोकी घ्या: रोज, दोन दिवसाआड, आठवड्याला. कार्ड बरोबर आलं की पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात. मूल स्वतःची कार्डं स्वतः हलवतं, आणि तिसरं खोकं भरत चाललेलं त्याला डोळ्यांनी दिसतं. ज्या मुलाला “तुला काही येत नाही” हेच ऐकायची सवय आहे त्याच्यासाठी ते खोकं फार मोठी गोष्ट आहे.

वर्गात वेळ कुठून काढायचा? तासाची पहिली पाच मिनिटं. चार प्रश्न: कालचा एक, मागच्या आठवड्यातले दोन, मागच्या महिन्यातला एक. पाटीवर. बस.

यात वेळ घालवू नका

“हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं” अशी वर्गवारी करून तसं शिकवलं की फायदा होतो, याला पुरावा सापडत नाही, हे पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्पष्ट मांडलंय. सगळ्यांनाच चित्र आणि शब्द दोन्ही द्या. मेमरी वाढवणारे कॉम्प्युटर गेम घेण्याआधीही विचार करा, मेल्बी-लेर्वोग आणि ह्यूम यांनी २०१३ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तर मुलं त्या खेळासारख्या कामांत सुधारतात पण वाचन-गणितात ते उतरत नाही असं दिसलं. तोच वेळ पंधरा गुणाकारांना द्या. पुस्तकात हायलायटर फिरवणं आणि परत परत वाचणं, याचाही उपयोग कमीच.

आणि धाक. गणिताची भीती असलेल्या माणसांची वर्किंग मेमरी गणित करताना त्या भीतीतच खर्च होते, हे अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं. आधीच जागा कमी, त्यात सगळ्यांसमोर उभं केलं की जी होती तीही गेली. त्यामुळे अचानक नाव घेऊन विचारणं या मुलांसाठी बंद करा, “पुढचा प्रश्न तुला विचारणार आहे, विचार करून ठेव” असं आधी सांगा.

उपयोग होतोय का ते कसं कळणार

एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे तरी चालू ठेवा. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पायरी १ चा कागद परत काढा, तेच प्रश्न तसेच विचारा, हिंट किती लागल्या ते मोजा. हिंट कमी झाल्या तर चाललंय, उत्तरं अजून चुकत असली तरी. काहीच हललं नाही तर कार्ड लहान करा, नवीन माहिती निम्मी करा, अंतर कमी करा. हे सगळं नीट करून दोन-तीन महिन्यांनीही मूल तिथेच असेल, किंवा आधी येत असलेलं अचानक जायला लागलं असेल, तर पालकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायलाच हवी, आणि तेव्हा तुमचा तो टिपणांचा कागद बरोबर द्या, तपासणाऱ्याला त्याचा खूप उपयोग होतो.

घरच्यांना फक्त दोन कामं सांगा, जास्त नाही: रोज पाच मिनिटं पहिल्या खोक्यातली कार्डं विचारायची, आणि चुकलं तर ओरडायचं नाही, उत्तर सांगून पुढे जायचं.

वर्ष संपताना पुढच्या वर्गाच्या शिक्षकासाठी अर्धं पान लिहून ठेवा. कोणतं कार्ड अजून लागतं, कोणतं सुटलं, सूचना एका वेळी किती झेपतात, कुठे बसवलं तर बरं पडतं, खोक्यात काय काय पक्कं झालंय. मुलाला शेजारी बसवून लिहा, त्याला विचारा कशाचा उपयोग झाला, आणि त्याची कार्डं एका पाकिटात घालून त्या पानाला जोडून द्या.